पायलट ढाबा

सोलापूरहून हैदराबादकडं निघालं की नळदुर्गच्या थोडं अलीकडं डाव्या हाताला आण्णासाहेबांचा ढाबा लागतो. ढाबा न दिसता पुढं जायची सोय नाही, कारण त्याच्या कपाळावर बारा फुटी पाटी आहे. पाटीवर निळं आभाळ, आभाळात शेपटीतून जाळ ओकणारं लढाऊ विमान, विमानाच्या काचेतून हसणारी हेल्मेटातली एक मुलगी आणि तिच्या बरोबर खाली तंगड्या वर केलेली तंदुरी कोंबडी. त्याखाली लाल अक्षरात: पायलट ढाबा.

हेल्मेटातली ती मुलगी म्हणजे आण्णासाहेबांची थोरली लेक, स्क्वॉड्रन लीडर वैष्णवी. वय पस्तीस, हवाई दलात तेरा वर्षं. आणि खरी गोष्ट अशी, की या तेरा वर्षांत तिनं एकदाही विमान चालवलेलं नव्हतं.

ती नॅव्हिगेटर होती. दोन पंख्यांच्या जाड्या मालवाहू विमानात पायलटच्या पाठीमागं बसायची. समोर नकाशा, घड्याळ, वाऱ्याचा हिशेब. वारा विमानाला किती ढकलतोय, डोंगराची खिंड किती मिनिटांनी येणार, पलीकडच्या बर्फातल्या चौकीवर पिठाची पोती आणि रॉकेलचे डबे नेमके कुठल्या क्षणी सोडायचे, हे सगळं ती सांगणार. ती "आता" म्हणाली की पोती सुटत. "आता" एका सेकंदानं चुकलं, तर खालच्या जवानांची आठवड्याची चूल थंड. तेरा वर्षांत तिचं "आता" कधी चुकलं नव्हतं.

हे तिनं नोकरीच्या पहिल्याच सुट्टीत वडिलांना समजावून सांगितलं होतं. आण्णासाहेबांनी बावीस वर्षं याच रस्त्यावर ट्रक चालवून मग हा ढाबा टाकलेला. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी स्टेरिंग तुझ्याकडं न्हाय?"

"नाही आण्णा. मी वाट सांगते."

बाजूच्या खाटेवर हुमनाबादचा एक ड्रायव्हर रोटी मोडत होता. तो सहज म्हणाला, "आण्णा, म्हंजी पोरगी किलीनर झाली म्हना की!"

सगळा ढाबा खदखदला. आण्णासाहेबांचं तोंड चुना लावल्यागत पांढरं पडलं. ट्रकच्या दुनियेत ड्रायव्हर उजवीकडं आणि क्लीनर डावीकडं, मधे एका हाताचं अंतर. पण ते अंतर त्यांच्या लेखी आभाळ-जमिनीचं. त्याच आठवड्यात गुरुलिंग पेंटर शिडी घेऊन आला आणि पाटी रंगली. कोणी विचारलं की आण्णासाहेब सांगू लागले, "पायलट हाय पोरगी. फायटर."

वैष्णवीनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. पहिल्या सत्काराला शाल खांद्यावर पडली, टाळ्या वाजल्या, आणि तिनं मूग गिळले. नंतर धाकट्या भावाची सोयरीकही 'पायलट बाईंचा भाऊ' म्हणूनच जमली. दर सुट्टीला ढाब्यापाशी एसटीतून उतरली की ती पाटी दिसायची, आणि अळणी, आंबट असं काहीतरी तिच्या घशाशी यायचं. आपल्याच चेहऱ्याची किळस येणं ही काही साधी गोष्ट नाही.

यंदा मात्र ती वेगळी बातमी घेऊन आली होती. नव्या विमानांत नॅव्हिगेटरची खुर्चीच नव्हती. तिचं काम आता विमानातला संगणकाचा पडदा करायचा. वरिष्ठांनी पुढं दोन वाटा ठेवल्या होत्या: कार्यालयातलं टेबल, नाहीतर वैमानिकाची परीक्षा. पस्तिसाव्या वर्षी, बावीस-तेवीसच्या पोरांबरोबर बसून तिनं ती परीक्षा दिली. नवरा पुण्याहून रोज फोनवर तिच्याकडून उत्तरं घोकून घ्यायचा. निवड झाली दोघांचीच, त्यातली एक ही. सोमवारपासून हैदराबादजवळ प्रशिक्षण सुरू. पहिल्या धड्यापासून.

तिला सगळ्यांत आधी वडिलांना सांगायचं होतं. बाकी कुणी नाही, एकदा आण्णांनी खऱ्या गोष्टीवर पाठ थोपटावी, एवढीच तिची भूक होती.

आण्णासाहेबांनी ऐकलं, इकडं तिकडं पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "कुणाला बोललीस का?"

"नाही अजून."

"मग बोलू बी नको! आता शिकाया चाललीस म्हणल्यावर लोक इचारतील, मग तेरा वरसं काय करीत हुती? माझं नाक कापून त्या पाटीवर टांगशील काय?"

"आण्णा, मी पायलट होतेय. खरंखुरं."

"ते तू कवाच झालीस," आण्णासाहेब म्हणाले आणि गल्ल्याकडं वळले. वळता वळता आठवण केली, "शनवारी शाळंत कार्यक्रम हाय. परमुख पाहुनी तू. वर्दी इस्त्री करून ठिव."

तिथं पाण्याचा जग घेऊन फकीरचाचा उभे होते. आण्णासाहेबांच्या ट्रकवर बावीस वर्षं क्लीनर होते, आता ढाब्यावर टेबलं पुसतात. लहानपणी वैष्णवीला गाडीच्या भाषेचे पहिले धडे त्यांनीच दिलेले: पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. चाचांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तिचा पेला भरला आणि हळूच म्हटलं, "मुबारक हो बेटा." तेवढंच. या ढाब्यावर तिच्या खऱ्या बातमीला मिळालेले तेवढेच तीन शब्द.

त्या दिवशी तिला एक गोष्ट पहिल्यांदाच नीट दिसली. क्लीनर असणं म्हणजे इतकी लाज, की त्यावर बारा फुटी खोटं रंगवावं लागलं. आणि ज्यानं जन्मभर ती जागा सांभाळली, तो माणूस रोज सकाळी त्याच पाटीवरची धूळ पुसतो. तिला वडिलांची शिसारी आली. मग तेरा वर्षं गप्प बसलेल्या स्वतःची, जरा जास्तच.

शनिवारी शाळेच्या फाटकावर फलक होता. त्यावर संस्थेचे सचिव दिग्विजयराव हात जोडून पुरुषभर उंच, आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढी वैष्णवी. व्यासपीठावर दिग्विजयराव पानानं रंगलेली बोटं टेबलाच्या पांढऱ्या कापडाला खालच्या बाजूनं पुसत होते. कुणाला दिसत नाही असं त्यांना वाटत असावं. त्यांनी तिला शाल पांघरली. शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि आतल्या घडीत मागच्या कुणा सत्कारमूर्तीची टाचणी तशीच अडकलेली. ती टाचणी तिच्या मानेला टोचत राहिली.

"शत्रूच्या उरात धडकी भरवणारी आपल्या मातीतली रणरागिणी!" सूत्रसंचालन करणारे सर घसा फोडून सांगत होते. "जिच्या विमानाच्या आवाजानं सीमेपलीकडच्यांची झोप उडते!"

पहिल्या रांगेत फेटा बांधून आण्णासाहेब बसले होते. मांडवाच्या कडेला शाळेच्या भिंतीला टेकून फकीरचाचा उभे.

भाषणात वैष्णवीनं अभ्यास, व्यायाम, वेळ पाळणं असलं बिनधोक काहीतरी सांगितलं. मग प्रश्नोत्तरं. आठवीतली एक मुलगी उठली. अलिजा तिचं नाव. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही पहिल्यांदा विमान चालवलं तेव्हा तुम्हाला भीती वाटली का?"

प्रश्न साधा होता. विचारणाऱ्या पोरीच्या डोळ्यांत काडीचंही खोटं नव्हतं. एवढ्या मांडवात तेवढीच एक स्वच्छ जागा वैष्णवीला दिसली, आणि तिथं घाण टाकायला तिचं मन धजेना.

"बाळ, मी अजून विमान चालवलंच नाही," ती म्हणाली. "परवा, सोमवारी, पहिल्यांदा शिकायला जाणार आहे. इतकी वर्षं मी पायलटच्या मागं बसून त्याला वाट सांगायचे. आणि हो, आतापासूनच भीती वाटतेय."

मग सूत्रसंचालक सरांनी माईक ओढून घेतला. "पाहा, पाहा! याला म्हणतात विनय! एवढी मोठी वैमानिक, पण म्हणते कशी, मला येतच नाही! टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्यांचा नुसता पाऊस. वैष्णवीनं माईकशिवायच पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, "सर, मी खरंच सांगतेय..." तसे दिग्विजयराव पोट धरून हसले, "मॅडम भलत्याच मिस्कील हैत बरं का आण्णा!"

आणि आण्णाही हसले. मान डोलावून, फेटा सावरत, लेकीच्या तोंडावर हसले.

खोटं बोललं की गिळलं जातं, खरं बोललं की त्याचा विनोद होतो. मग माणसानं बोलावं तरी काय? टाळ्या न वाजवणारी माणसं फक्त दोन होती. एक अलिजा. ती कपाळाला आठी घालून अजून उभीच होती, उत्तर तपासून पाहत असल्यागत. दुसरे भिंतीला टेकलेले चाचा.

परतताना जीप आण्णासाहेबच चालवत होते. चाचा मागं. सत्काराचा नारळ तिच्या पायाशी घरंगळत होता. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "आण्णा, तुम्ही हसलात."

आण्णासाहेबांनी गिअर बदलला.

"त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं. तरी हसलात. मला क्लीनर म्हणणारा तो माणूस तुमच्यापेक्षा बरा. त्याला माझं काम निदान कळलं तरी होतं."

बापाला लेक असं बोलत नाही. मागून चाचांचा खोकला तेवढा ऐकू आला.

ढाब्यावर जेवणाची वेळ. खाटा भरलेल्या. गुरुलिंग पेंटर शिडीवर चढून वाट पाहत होता. लेक आलीय म्हणून पाटीला नवा रंग द्यायचा, असं सांगून आण्णासाहेबांनीच त्याला बोलावलेलं.

"आण्णा, विमान हेच ठिवू का नवं काढू?" त्यानं वरून विचारलं.

आण्णासाहेब खाली उभे राहून पाटीकडं पाहत राहिले. फेटा काढून त्यांनी खाटेवर टाकला. मग म्हणाले, "पांढरा मार."

"कुठं?"

"समद्याला."

खाटांवरच्या माना वर झाल्या. "का वो आण्णा? काय झालं?"

"पोरगी पायलट न्हाय. परवापासनं शिकाया चाललीया."

ड्रायव्हर मंडळी जी हसली म्हणता! "आण्णा, सकाळच्यालाच घेतली का काय?" "लेकीशी भांडान झालंय जनू!"

शाळेत लेकीचं जे झालं, तेच इथं बापाचं झालं. आण्णासाहेब चहूकडं बघत होते, आणि तेरा वर्षं कानीकपाळी ओरडून पढवलेलं खोटं त्यांच्यावरच उलटत होतं. वैष्णवी खांबाला टेकून बघत होती. खरं सांगायचं तर तिला कीव आली नाही. होऊ दे, असंच वाटलं.

मग आण्णासाहेब खालच्या पट्टीत म्हणाले, "बोरीच्या पुलाची गोष्ट ठावं हाय न्हवं तुमाला?"

ठाऊक नसायला काय झालं! ती गोष्ट तर जेवणाबरोबर कांदा यावा तशी या ढाब्यावर फुकट मिळायची. नदीला पूर, पुलावरून गुडघाभर पाणी, दोन्ही अंगांना गाड्या खोळंबलेल्या. आणि आण्णासाहेबांनी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन एकट्यानं ट्रक पलीकडं काढला. शंभरदा सांगून झालेली. त्या गोष्टीत दुसरं माणूस कधीच नव्हतं.

"त्या दिवशी," आण्णासाहेब म्हणाले, "फकीर पुढं हुता. पान्यात. हातात काठी. पुलाची कड कुठं संपती ती चाचपीत चालला हुता, अन् म्या त्याच्या टोपीकडं बघून गाडी हाणली. म्या डोळं मिटलं न्हवतं. मला दिसतच न्हवतं काय."

कुणी हसलं नाही. रोटी मोडता मोडता हात थांबले.

"माझी पोर तेरा वरसं त्या जागेवर हुती. डोंगरात. आता चालवाया शिकनार. हाय हे असं हाय." एवढं बोलून ते खाटेवर बसले, पोतं टाकावं तसे.

सगळ्यांनी चाचांकडं पाहिलं. चाचा ओल्या फडक्यानं टेबल पुसत होते. ते त्यांनी पुसून संपवलं, फडकं पिळलं, खांद्यावर टाकलं.

"आण्णा," ते म्हणाले, "येक राहिलं."

"काय?"

"पानी तुम्ही सांगता तसं गुडग्याइतकं न्हवतं. इथवर होतं." आणि त्यांनी छातीवर आडवा हात धरला. "सांगायचं तं पूरा सांगा."

आण्णासाहेबांनी मान खाली घातली. "व्हय. छातीला हुतं."

वर गुरुलिंगानं पांढऱ्याचा पहिला हात मारला. विमानाचं शेपूट गेलं, जाळ गेला. मग हेल्मेटातलं ते हसू गेलं, तसा वैष्णवीनं श्वास सोडला. कोंबडीपाशी त्याचा हात थांबला. "हिला ठिवू का?"

"ती खरी हाय, ऱ्हाऊ दे," भटारखान्याच्या दारातून आई, धुरपदाबाई, म्हणाल्या. भाकरीच्या पिठानं भरलेले हात पदराला न पुसता त्यांनी लेकीला हाक मारली, "ए, ती वासाची शाल काड अगुदर अंगावरनं. अन् जेवाया बस. सकाळपास्नं पोटात काय न्हाय तुझ्या."

वैष्णवीनं शाल काढली. टाचणी शोधून ती आधी बाजूला ठेवली, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. दिवसभर घशाशी असलेलं ते आंबट काही पुरतं गेलं नव्हतं. टाळ्या अजून कानात होत्या, बापाचं ते हसणं तर बरेच दिवस राहणार होतं. पण भाकरी पुढ्यात आली तशी ती जेवली.

रविवारी सकाळी हैदराबादची एसटी ढाब्यासमोर थांबली. आण्णासाहेबांनी बॅग वर चढवली, आणि "पोचल्यावर फोन कर" एवढंच म्हणाले. खिडकीतून तिला कोरी पाटी दिसली. तिच्यावर एक कोंबडी तेवढी उरलेली.

कंडक्टर बेल मारायचा होता, त्याआधीच चाचांनी एसटीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.