कोरड्या नाल्यातले रोडगे

आल्प्स म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बर्फ येत असेल, हनिमूनची जोडपी येत असतील. येऊ द्या. मी आणि बाबा यवतमाळजवळच्या बोरी अरब गावाहून निघालो ते माझा धाकटा भाऊ सुमेध खरंच गेला का, हे पाहायला.

सुमेध फ्रान्समध्ये ग्रनोबलला शिकत होता. मागच्या उन्हाळ्यात तिथून जवळच्या एका डोंगरी गावात नाल्याला अचानक लोंढा आला आणि त्याला घेऊन गेला. खूप शोधलं, काहीच सापडलं नाही. आईने भंतेजींना बोलावून गेलेल्या माणसासाठी करायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊ दिला नाही, की फोटोला हार घालू दिला नाही. "ज्याचं काहीच सापडलं नाही, त्याले गेला कसं म्हणू?" ती बाबांना म्हणाली. "तुम्ही जाऊन पाहा. तुम्ही म्हणान ते मी मानीन."

व्हिसाच्या चकरांत जीव मेटाकुटीला आला, ते सोडा. यवतमाळहून एसटीने नागपूर, मग विमानं, पॅरिसहून रेल्वे आणि शेवटी डोंगर चढणारी बस. जाणाऱ्यांनी बसची वेळ आधीच पाहून ठेवा, फेऱ्या मोजक्याच आहेत. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, खूप स्वस्त पडते. बाबांना तिथलं चीज नाकाजवळही नेववेना. सोबतचं तिखट आणि मी लाटलेल्या पोळ्या यांच्यावर त्यांनी दिवस काढले.

गाव देखणं आहे, खोटं कशाला बोलू? पण जरा नीट पाहा. वरच्या उतारावर हिमलोट अडवायला लोखंडी कुंपणं, रस्त्यावर दरड कोसळू नये म्हणून कड्याला जाळ्या. जुन्या घरांची डोंगराकडची भिंत होडीच्या टोकासारखी निमुळती, म्हणजे बर्फ आला तर दोन्हीकडून फाटून जावा. आणि मधून नाला, नुसते पांढरे गोटे, पाण्याची एक बारीक धार.

"कोण्या शहाण्यानं इथं गाव वसवलं?" बाबा म्हणाले. "नाल्यानं आणून टाकलेल्या गोट्यावरच बसलं हाये हे."

आमची घरमालकीण मादलेनबाई, सत्तरीची. तिला तोडकंमोडकं इंग्रजी येई, मी ते बाबांना वऱ्हाडीत सांगे. तीच आम्हाला त्या जागेवर घेऊन गेली.

सुमेधने तिथे मित्रांसाठी रोडगे, म्हणजे निखाऱ्यात भाजायचे कणकेचे जाड गोळे, लावले होते. आपल्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात नाल्यात रोडग्यांची पार्टी होते, तशीच. रानगोवऱ्या मिळाल्या नाहीत म्हणून लाकडाचे निखारे. मित्र सरपण आणायला वर गेले. हा खाली रोडगे उलटत बसला.

काठावर पाटी आहे. पळणारा माणूस आणि मागे पाण्याची लाट. भाषा कळायची गरजच नाही. असा राग आला मला त्याचा! एवढा शिकलेला पोट्टा, चित्र दिसलं नाही तुला?

"इथे डोक्यावरचं आभाळ पाहून चालत नाही," मादलेनबाई म्हणाली. "वादळ त्या कड्यामागे झालं. गावात एक थेंब नव्हता. उन्हाळ्यातच होतं असं."

मी सांगितलं तसे बाबा गोट्यांवर बसले.

"उन्हाळ्यात?" त्यांनी पुन्हा विचारलं. "पोरी, आपल्याकडं उन्हाळ्याचा नाला म्हणजे घरचं अंगण. मीच त्याले लहानपणापासून नेलं. वारा लागत नाही, गोवऱ्यांतला इस्तो उडत नाही. त्याले वाटलं असन, आपल्यावाणीच नाला हाये."

मग ते उठून धारेपाशी गेले आणि पाण्यात हात घातला. बर्फाचं पाणी ते. लगेच हात आखडून त्यांनी काखेत धरला. "इच्यातून कोणी वाचू शकते का? विचार तिले."

मी विचारायच्या आतच मादलेनबाईने नकारार्थी मान हलवली. तिला आमची भाषा कुठे येत होती? पण तिने बाबांचा चेहरा पाहिला होता. बाबा तिथे हुंदके देऊन रडले, मीही रडले. ती आमच्या शेजारी उभी राहिली.

तुम्ही गेलात तर गाव जरूर पाहा. नाला कोरडा असला, वर निळंभोर आभाळ असलं, तरी पात्रात उतरू नका. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच उरलं आहे.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. बाबांनी चपला काढल्या, खाटेवर बसले आणि म्हणाले, "गेला वं तो. मी पाहून आलो."

आई भिंतीला टेकून खाली बसली.

"पाणी लय थंडं होतं का?" तिने विचारलं. "त्याले सोसत नव्हतं थंडं पाणी. आंघोळीले ऊन पाणीच लागे."

उभ्या आयुष्यात मी बाबांना आईशी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "उन्हाळाच होता ना. कोमट होतं."

"बरं झालं," आई म्हणाली. पदराने तोंड पुसलं. "मंग बोलवा भंतेजीले."