शनिवारचं लोखंड

माझं लग्न ठरवायला बाबांना एक सकाळ पुरली होती. मुलगा बँकेत आहे, तंबाखू खात नाही, पोहे खाताना तोंडाचा आवाज करत नाही, झालं, पसंत. त्याच बाबांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट पसंत करायला महिना घेतला. कॅबिनेट म्हणजे नुसता बाहेरचा डबा. आत काय बसवायचं ते अजून बाकीच होतं.

मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून बोलायला जरा शिस्त आहे. राग आला की मात्र वऱ्हाडी सुटते, आणि त्या दिवसांत ती रोज सुटत होती.

झालं होतं असं. वडनेरचं आमचं वावर हायवेत गेलं. मोबदला चांगला मिळाला. गावातल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, स्लॅब टाकले, बाबांनी काहीच घेतलं नाही. आई आधीच गेलेली, बाबांचे गुडघेही गेलेले, भाऊ मला नाही. म्हणून मी त्यांना सिंदी मेघेला माझ्याकडे आणलं. लेकीच्या घरी बाप राहतो हे आमच्याकडे लोक अजूनही हळू आवाजात बोलतात, आणि सगळ्यांत हळू आवाजात ते बाबाच बोलत. त्यांनी आपली कापडी पिशवी कधी पूर्ण उघडलीच नाही. दोन धोतरं, एक सदरा, दाढीचं सामान, सगळं भरून दाराच्या मागे टांगलेलं. "पोळा झाला का जातो." पोळा झाला की, "गणपती उठले का जातो." जाऊन करणार काय होते कोण जाणे. घर होतं तिथं, पण घरातून निघून जायचं कुठे ते राहिलं नव्हतं.

दिवसभर रिकामा माणूस, मग तो मलाच सुधारायला लागला. कुंडीतल्या मिरचीले पाणी जास्त होते. कोथिंबीर आणली की, सांबार पाहून नाई आणला तू. तुरीची डाळ नीट निवडत नाई तू. समोरच्यानं गाडी वाकडी लावली, त्याले सांगत काऊन नाई? सांगून सांगून दमले की गप्प. मला त्यांच्या बोलण्याचा राग यायचा, पण गप्प बसण्याची भीती वाटायची. हा माणूस एक दिवस खरंच पिशवी उचलेल आणि त्या रिकाम्या घरात भिंतीकडे पाहत बसेल, असं सारखं वाटायचं.

माझी मुलगी नागपूरला शिकते. सुट्टीत आली तेव्हा ती लॅपटॉपवर एक गेम खेळत होती. त्यात हिरवा ट्रॅक्टर, लांबलचक शेत, बस्स. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"हा ट्रॅक्टर कोणाचा?"

"माझाच आहे आबाजी."

"मंग असा काऊन चालवून राह्यली? अर्धं वावर सुटून राह्यलं तुह्यं. सरक."

ती सरकली ती सरकलीच. चार दिवस पोरीला तिचा लॅपटॉप मिळाला नाही. तो बिचारा कॉलेजच्या अभ्यासासाठी घेतलेला, नांगरट करून करून असा तापायचा की मधेच बंद पडायचा. बाबा विचारायचे, "डिझल संपलं का?" मग ती लॅपटॉप घेऊन नागपूरला गेली आणि घर पुन्हा गप्प झालं. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी ताटाकडे पाहतच विचारलं, "पोट्टीले आता सुट्टी कवा हाय?"

हौसेला मोल नसतं. मी म्हटलं, घेऊन टाकू एक. मुलगी फोनवर म्हणाली, तयार नको घेऊ आई, गेमिंगचा एकेक भाग निवडून जोडून घे, आबाजींना आयुष्यभर पुरेल. कोणते भाग ते तिनं सांगितलं, आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी, बाबा आणि आमचे हे असे तिघं वर्ध्याला दुकानात गेलो.

दुकानदार चांगल्या घरचा, बोलायला गोड. "गेमिंग कोण करणार? मुलगा?"

"मी," बाबा म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मग तो लाईट दाखवायला लागला. गेमिंगच्या माणसांना लाईटचं फार असतं म्हणे, पंख्यात लाईट, रॅममध्ये लाईट, सात रंग, नवरदेवाच्या वरातीत असतात तसे. बाबा म्हणाले, "वावरात लाईटचं काय काम? रात्री तं डुक्करं येतात." आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारत सुटले, हे काय काम करते? दुकानदार सांगत गेला. हा प्रोसेसर, सगळा विचार हा करतो. हा मदरबोर्ड, सगळे याच्यावर बसतात. आणि ग्राफिक कार्ड, चित्र दाखवतं. तुमच्या मुलीनं सांगितलेल्या प्रोसेसरला कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दाखवता येत नाही.

"म्हणजे हा गडी, हे घर, अन् हे डोये," बाबांनी हिशेब लावला.

आमच्या ह्यांचं वेगळंच. ह्यांचा गाडी सोडून कशावर विश्वास नाही. प्रत्येक वस्तूला विचारत, "ॲव्हरेज किती देते?" दुकानदाराला आधी वाटलं होतं की आमच्यात शहाणे हेच आहेत. पंख्याचा ॲव्हरेज विचारल्यावर त्यानं ह्यांच्याकडे पाहणं बंद केलं.

रॅमच्या पट्ट्या दोन लागतात. त्यानं दोन वेगवेगळ्या कंपनीच्या काढून ठेवल्या. बाबांनी एक या हातात धरली, एक त्या हातात, उलटसुलट करून पाहिली. "हे जोड जमत नाई. दोन्ही एका गोठ्यातले पाह्यजेत. नाई तं एक ओढते अन् दुसरा लटकून राह्यते."

दुकानदार हसला. मी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, आबाजी बरोबर बोलून राह्यले. सारख्याच घे."

घात झाला. एक बाण अंधारात बरोबर लागला आणि बाबा त्या दुकानातले मोठे जाणकार झाले. पॉवर सप्लाय वजनाला हलका म्हणून नापास. पंखा फवारणीच्या पंपासारखा वाजतो म्हणून नापास. काचेचं कॅबिनेट नापास, कारण सेवाग्रामकडून माकडं येतात, त्यांना काचेत दुसरं माकड दिसेल. लोखंडी कॅबिनेटं त्यांनी बुक्क्या मारून वाजवून पाहिली. ती महिनाभराची पसंती इथूनच सुरू झाली. दर दोन-चार दिवसांनी आम्ही जायचो, बाबा बुक्की मारायचे, मान हलवायचे, आम्ही परत. शेवटी जे घेतलं ते दुकानातलं सगळ्यांत जड. दुकानदार म्हणाला, काका, जड म्हणजे चांगलं असं काही नसतं. बाबा म्हणाले, "हलकं ते वाऱ्यानं उडते."

आणि पसंती पक्की झाली तो दिवसही नेमका शनिवार. दुकानदारानं बिल करायला घेतलं. बाबांनी हात आडवा केला. "आज नाई. शनवारी लोखंड घेत नसतात."

"काका, यात लोखंड नाही फारसं. प्लास्टिक आहे, ॲल्युमिनियम आहे."

"अन् स्क्रू?"

तो माझ्याकडे वळला. बाई शिकलेल्या आहेत, काहीतरी बोलतील, अशी त्याला आशा. वर्गात मी अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेते, आणि स्वतः आजवर शनिवारी साधी सुई विकत घेतलेली नाही.

सोमवारी सगळं घेतलं, पैसे दिले. फक्त कार्ड त्याच्याकडे नव्हतं, ते नागपूरहून कुरिअरनं परस्पर घरी येणार होतं. बाकी सगळं जोडून त्यानं आमच्या बैठकीत आणून लावलं. तोंड पूर्वेला. लाईट नको नको म्हणताना त्या जड कॅबिनेटात लाईट निघालेच. बाबा रोज सकाळी आंघोळ करून बटण दाबायचे. पंखे फिरायचे, सात रंग झळकायचे, पडदा काळाच. ते समोर खुर्ची टाकून बसायचे. शेजारचे काका पाहायला आले, त्यांनी विचारलं, काय दिसून राह्यलं? बाबा म्हणाले, "डोये याचे बाकी हायेत अजून."

आणि डोळे आले. मी शाळेत, हे बँकेत. दुपारी मी घरी आले तर बाबा निवांत.

"एक माणूस आलता खोकं घेऊन. म्हटलं, सोमवारी येजो."

"काऊन?"

"आज शनवार."

माझ्या हातातली पर्स तिथेच पडली. "अहो बाबा, ते कार्ड होतं. ज्याच्यासाठी तुम्ही रोज काळ्या पडद्यासमोर बसून राह्यले, तेच तुम्ही परत पाठवलं? विकत तर आपण सोमवारीच घेतलं होतं नं?"

"विकत कवाही घे. घरात येते तो दिवस धरतात."

कुरिअरवाला तसा सोमवारी येतो थोडाच? घेतलं नाही असं त्यानं लिहून टाकलं आणि खोकं नागपूरला परत गेलं. पुन्हा मागवते म्हटलं, तर गणपती उठून पितृपक्ष लागलेला. बाबा म्हणाले, "पक्षात नवी वस्तू नाई. तुह्या मायचं पान वाढाचं का खेळणं घ्याचं?"

घरात त्या कार्डाची सगळ्यांत जास्त वाट तेच पाहत होते, आणि दोन्ही वेळा दार लावून घेणारेही तेच. मला रडावं का हसावं कळेना. बटण दाबणंही त्यांनी बंद केलं. कॅबिनेटवर टॉवेल टाकून ठेवला.

नवमीला आईचं पान झालं. गच्चीवर कावळ्याला ठेवून बाबा खाली आले आणि दारामागची पिशवी काढून तपासायला लागले. "घट बसले का शनवारी सकायच्या गाडीनं जातो."

या वेळी 'झाला का, उठले का' नव्हतं. वार सांगितला होता, गाडी सांगितली होती. मी विचारलं, काय कमी पडलं इथं?

"कमी काई नाई. काम नाई. खातो अन् बसतो. लेकीच्या घरी बसून खाणं बरं नाई वाटत."

"तिथं तरी काय काम हाय?"

"तिथं नसलं तं कोणाले दिसत नाई."

माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, जाऊ नका. मला तुम्ही इथं पाह्यजे. माय गेल्यावर माझं चुकलं ते सांगणारं दुसरं कोण आहे?" बाबा पिशवीची गाठ बांधत राहिले. म्हणाले, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही.

घटस्थापनेच्या दिवशी संध्याकाळी आमचे हे बँकेतून आले ते हातात खोकं घेऊन. ह्या माणसानं घरात कोणाशी चकार शब्द न बोलता पक्ष लागायच्या आधीच कार्ड पुन्हा मागवलं होतं, बँकेच्या पत्त्यावर, आणि पक्षभर आपल्या कपाटात ठेवलं होतं. "घरात आजच आलं नं बाबा?" हे म्हणाले. बाबांनी ह्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी जावयाकडे असं पहिल्यांदाच पाहिलं असेल. "मानलं जवाईबापू," म्हणाले आणि कुंकवाचा करंडा मागितला. कार्डाला कुंकू, अक्षता. तांदूळ पंख्यात जाऊ नये म्हणून हे खाली हात धरून उभे.

दुकानदार येऊन बसवून गेला. पडदा उजळला. हिरवा ट्रॅक्टर उभा, समोर वावर. आम्ही सगळे ट्रॅक्टर सुरू व्हायची वाट पाहतोय, आणि बाबा त्यातून खाली उतरले. पायीच निघाले. धुऱ्याधुऱ्यानं सगळं वावर फिरून आले, कडेकडेनं, सावकाश, एक कोपरा न सोडता. खऱ्या गुडघ्यांनी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत जाता येत नव्हतं. एका कोपऱ्यात थांबून म्हणाले, "इथं एक बाभूळ पाह्यजे होती." आमच्या वडनेरच्या वावरात होती तिथं. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

शनिवार उजाडला. बाबा आंघोळ करून, टोपी घालून तयार. पिशवी खुर्चीच्या पायाशी. "गाडीले वेळ हाय. तवर पाहून घेतो जरा," म्हणून बसले. मी डबा बांधत होते, पोळ्या जरा जास्तच आपटत होते. थोड्या वेळानं हाक आली, "बाई, हे काय म्हणून राह्यलं?"

जाऊन पाहिलं. नांगर विकत घ्यायचा होता. गेममध्ये अवजारांचं दुकान असतं, पडद्यावर नांगरांची रांग लागलेली. बाबांनी एक निवडला होता, त्यातल्या त्यात सगळ्यांत जड दिसणारा.

"घ्या नं मग. हे बटण दाबा."

"आज?"

"बाबा, दुकान खोटं, पैसे खोटे, नांगर खोटा."

"लोखंडाचा हाय," बाबा म्हणाले आणि हात मागे घेतला. "सोमवारी घेतो. तवर तिकडचं तण पाहून ठेवतो."

मी घड्याळाकडे पाहिलं. "आणि गाडी?"

"कोणती गाडी?" पडद्यावरची नजर काढली नाही त्यांनी.

मी पिशवी उचलली. धोतरं कपाटात ठेवली, सदरा खुंटीला अडकवला, दाढीचं सामान आरशापाशी मांडलं. मग तीच रिकामी पिशवी घेऊन भाजीला निघाले. फाटकापाशी पोचले तर आतून आवाज आला, "सांबार आणजो बाई. अन् पाहून घेजो, परवा वाया गेलता."