सारवलेलं घर

हिंगणीच्या गोपिकाबाईनं जन्मभर वांगी-मेथी विकली, पण घर सारवल्याशिवाय पाहुणा कधी आत घेतला नाही. घरकुलासाठी मोडक्या घराचा फोटो काढायला साहेब येणार, म्हणजे तोही पाहुणाच! तिनं फुगलेल्या मातीच्या भिंती लिंपल्या, चुना मारला, दारात रांगोळी घातली. साहेबानं चहा घेतला, फोटो काढला आणि म्हणाला, "बाई, तुमचं घर तर चांगलं आहे." घरकुल नामंजूर झालं.

श्रावणाच्या झडीत त्याच लिंपलेल्या भिंतींतली एक कोसळली आणि गोपिकाबाईचा नवरा चंद्रभान तिच्याखाली दबून मेला. पंचनाम्याला पुन्हा तोच साहेब आला. ढिगाऱ्यावर बसलेली गोपिकाबाई जागची हलली नाही.

"या साहेब, काहाडा आता फोटू. या खेपेले म्या सारवलं नाई."