बेनिताच्या ओठांचा रंग

सेनोन कालिसायाने काढलेल्या फोटोत पोतोसी या डोंगरातल्या गावातलं कुणीही निळं दिसत नसे, आणि या गोष्टीचा सेनोनला भारी अभिमान होता. तो अभिमानच पुढे त्याला भोवला.

या गावाच्या उंचीवर हवा पातळ आणि आभाळ गर्द. माणूस उन्हात बसवावा तर टोपीची सावली नाकापर्यंत येते. सावलीत बसवावा तर आभाळाची सगळी निळाई चेहऱ्यावर उतरते. डोळ्यांना ती जाणवत नाही, पण रंगीत फिल्म तिला बरोबर टिपते. निळा चेहरा म्हणजे मेल्याचा चेहरा, तसला फोटो घरात टांगला की वर्षाच्या आत कुणीतरी जातंच, असं इथल्या बायका मानतात. धंद्याच्या सुरुवातीला एका नवरीने लग्नाचा निळसर फोटो सेनोनच्या तोंडावर फेकला होता. मग त्याने लेन्सवर लावायच्या दोन काचा मिळवल्या, एक फिकी पिवळसर आणि एक गुळाच्या रंगाची. सावली कशी आहे ते पाहून त्यातली एक निवडायची आणि निळाई मारून टाकायची. "सेनोनकडे गेलं की मेलेलाही तरतरीत दिसतो," असं बाजारात म्हणत. सेनोन ते ऐकून लाजल्यासारखं करायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कुणाला तरी सांगायचा.

बेनिता त्याची धर्मकन्या. तिचं जावळ काढताना पहिली बट त्यानेच कापली होती, आणि त्या नात्याने तिची आई त्याला कोमपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. तिची आई इलारिया बाजारात आपी विकायची. ही जांभळ्या मक्याची गरम पेज, इथल्या थंडीत लोक तिच्यावरच जगतात. चार वर्षांची बेनिता आईच्या मडक्याशेजारी उकिडवी बसलेली असायची. जरा चालली की धापा टाकत पुन्हा उकिडवी. ओठ कायम जांभळे. "पोरगी सगळा माल स्वतःच पिऊन टाकते की गं!" असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि इलारियाही हसायची. हसण्यावारी नेता नेता पोरगी सुकत चालली.

मग गावातला दवाखाना चालवणाऱ्या नन, मादरे एदुविहिस, यांनी तिच्या छातीला नळी लावली आणि सांगितलं की हिच्या हृदयाला भोक आहे, म्हणून ही निळी पडते. परदेशातलं एक इस्पितळ दर वर्षी मोजकी मुलं नेऊन फुकट ऑपरेशन करत असे. निवड तिकडेच व्हायची, मुलांच्या रंगीत स्लाइड, म्हणजे पारदर्शक फिल्मवरचे फोटो, पडद्यावर पाहून.

सेनोनने त्या फोटोत जीव ओतला. अंगणातल्या सावलीत बेनिताला नव्या स्वेटरमध्ये बसवलं. आपली पोर परक्या मुलखात दिसणार, कुणी नाव ठेवायला नको, म्हणून त्याने दोन्ही काचा एकावर एक चढवल्या. ला पास शहराहून स्लाइड धुऊन आली तेव्हा बेनिता पिकल्या पीचसारखी दिसत होती. इलारियाने त्या स्लाइडचा मुका घेतला.

काही महिन्यांनी इस्पितळाचा नकार आला.

"म्हणाले काय नक्की?" सेनोनने दवाखान्यात जाऊन विचारलं.

"पोरगी चांगली टवटवीत आहे म्हणाले. पुढच्या वर्षी बघू." मादरेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती निळी पडते असं मी लिहून दिलं होतं. पण पडद्यावर लालबुंद गालांची पोर बसलेली, मग माझं कोण ऐकतो? काय केलंस तू, सेनोन?"

"चांगली दिसावी म्हणून…"

"दिसली की! पण पुढचं वर्ष हिच्या नशिबात नाही."

सेनोन करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही पोरीच्या जिवावर. मादरे मात्र हरल्या नव्हत्या. निवडलेलं एक मूल वारलं होतं आणि त्याची जागा रिकामी होती. पंधरवड्यात त्या स्वतः तिकडे जाणार होत्या. त्याआधी नवी स्लाइड हवी होती.

सेनोन बाजारात गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला. इलारियाच्या हातातली पळी मडक्यात पडली.

"कोमपाद्रे, मी तुमच्या त्या स्लाइडचा मुका घेतला होता हो! आता काय करू? देवापुढे मेणबत्ती लावू की तुमच्या कॅमेऱ्यापुढे?"

"शिव्या नंतर दे, कोमाद्रे. उद्या सकाळी तिला घेऊन ये."

आधी त्याला वाटलं, या खेपेला काचच नको. मग त्याच्या ध्यानात आलं की तसं केलं तर भिंतही निळी येईल आणि आईही. सगळंच निळं असलं तर डॉक्टर फिल्मला दोष देतील. फक्त आभाळाची निळाई जायला हवी आणि पोरीची तेवढी राहायला हवी. जन्मभर त्याने या दोन निळाया एकाच झाडूने झाडून टाकल्या होत्या. सकाळी दोघी आल्यावर त्याने सावलीत बेनिताच्या पुढ्यात पांढरी चादर अंथरली, तिच्यावर इलारियाचा तळवा ठेवला आणि त्या तळव्यावर बेनिताचा हात, नखं वर. चादर पांढरी आली की उरलेली निळाई पोरीचीच.

"हिला जिन्यावर पळवू का?" इलारियाने हळूच विचारलं. "पळाली की जास्त निळी होते."

"खबरदार!" सेनोन ओरडला खरा, पण क्षणभर त्याच्याही मनात तेच आलं होतं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली. बेनिता दोघांकडे पाहून हसली. त्याने बिनकाचेचा, फिक्या काचेचा आणि गडद काचेचा असे फोटो काढले आणि रोल ला पासच्या बसने पाठवला.

स्लाइड परत आल्या तेव्हा सेनोन आणि इलारिया खिडकीपाशी उभी राहिली. बिनकाचेच्या फोटोत सगळेच मेल्यासारखे होते. गडद काचेत बेनिता पुन्हा धडधाकट. फिक्या काचेची स्लाइड सेनोनने उजेडाकडे धरली. चादर पांढरी होती. आईचा तळवा होता तसा रापलेला. त्याच्यावरची इवली नखं मात्र शाईत बुडवल्यागत, आणि वर चेहऱ्यात ओठही तसेच. इतकी वर्षं तो या पोरीला बघत होता आणि त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

इलारिया त्या स्लाइडकडे पाहतच राहिली. मग तिने डोळे पुसले आणि त्याचा दंड घट्ट धरला.

"कोमपाद्रे, खरं सांगा. या वेळी तरी त्यांना ती पुरेशी आजारी दिसेल ना?"