दोन विहिणींचा तंबू

आधी आठवतो तो वास. मेण चोळलेल्या जाड कापडाचा, सुतळीचा, कुठल्या तरी जुन्या पावसाचा, आणि त्या साऱ्यांवरून हलकेच फिरलेल्या संत्र्याच्या सालीचा. नागपूर म्हटले की लोकांना तिथला उन्हाळा आठवतो. मला मात्र पौषातला तो गार, करडा वास आठवतो, आणि त्याच्या मागोमाग विहीणबाईंचा आवाज येतो.

माझी मुलगी अनघा लग्न होऊन नागपूरला गेली त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. जावई सुधाकर कोराडीच्या वीजकेंद्रात अभियंता. पौष सरण्याआधी पचमढीला जायचे आणि डोंगरावर तंबू ठोकून चार दिवस राहायचे, असा त्याचा बेत होता. दोन्हीकडच्या पुरुषांनी गुडघ्यांची सबब सांगून आधीच अंग काढून घेतले. उरलो चौघे : ती दोघे, मी आणि सुधाकरच्या आई. मुलांसाठी तंबू एका मित्राकडून मिळणार होता. आम्हा विहिणींचा तेवढा विकत घ्यायचा होता, आणि त्यासाठीच मला थोडे आधी बोलावले होते.

पहाटे गाडी नागपूरला लागली. फलाटावर संत्र्यांच्या करंड्यांची उतरंड होती आणि तिच्यातून एक आंबटगोड गारवा उठत होता. अनघाने माझी पिशवी घेतली आणि घाईने, जणू घरी पोचण्याआधी सांगून टाकायचे असावे तशी म्हणाली, "आई, त्या यायला तयार नाहीत. तुझ्याबरोबर एका तंबूत राहायचं म्हणजे... त्या नाहीत तर सुधाकरही जाणार नाही. सहलीचं राहू दे गं. पण तुम्ही दोघी अशाच राहिलात तर मी जन्मभर दोन घरांच्या मधल्या अंगणात उभी."

त्या अढीचे मूळ लग्नात होते. मार्गशीर्षातली पुण्याची थंडी, वऱ्हाड उतरलेले शाळेचे मोठे दालन, आणि सांगितलेल्या गाद्यांची वाट चुकलेली गाडी. गाद्या आल्या तेव्हा वऱ्हाड निम्मे झोपले होते, सतरंज्यांवर, शहाबादी फरशीवर. विहीणबाई त्या वेळी एक अक्षर बोलल्या नाहीत. नंतर मात्र पुण्याचे आमंत्रण दिले की उत्तर ठरलेले असे : "पुण्याले? नको जी. आमची हाडं अजून गरम नाही झाली."

घरी पोचले तेव्हा त्या ओसरीवरच उभ्या होत्या. उंच, ताठ, हिरव्या काठाचे नऊवारी लुगडे, कपाळावर ठसठशीत कुंकू. शेतकरी घराण्यातली ही बाई शहरातल्या घरातही शेताच्या बांधावर उभी असल्यासारखी उभी राहते.

"या जी ईनबाई," त्या म्हणाल्या (विहिणीला तिकडे ईन म्हणतात). पायांवर ऊन पाणी घातले, शाल पांघरली, पाटाखाली विस्तवाची शेगडी सरकवली. दुपारी सोल्यांची भाजी (तुरीचे ओले दाणे) आणि डाळीचे गोळे घातलेला गोळाभात, वर हिंगाची फोडणी दिलेले गरम तेल. त्या तेलाचा चर्र आवाज हळूहळू भातात मुरत गेला. संध्याकाळी माझे अंथरूण पाहिले तर गाद्यांवर गाद्या रचलेल्या आणि वर गोधड्यांचा डोंगर.

"इतकं कशाला?" मी म्हणाले.

"आमच्याकडं पाहुण्याले थंडी नाही वाजत," त्या म्हणाल्या, आणि दिवा लहान करून निघून गेल्या. मी त्या मऊ, उबदार टोमण्याखाली झोपले.

दुसऱ्या दिवशी सुधाकर पाळीवर होता, अनघा शाळेत शिकवायला गेलेली. तंबू पाहायला कामठीला जायचे आम्ही दोघींनीच. "मले कुठं यायचं हाये पचमढीले," असे बजावत विहीणबाई निघाल्या. "पण तुम्हाले दुकानदार ठकवन. म्हणून येतो."

बसच्या खिडकीतून सकाळचे धुके आत येत होते. कन्हानकडे जाणारे कोळशाचे ट्रक, भुईमुगाच्या टरफलांचा धूर, दूर छावणीतल्या बिगुलाचा एक तुटक सूर. कामठीच्या बाजारात फौजेने मोडीत काढलेल्या सामानाची दुकाने ओळीने आहेत. दारात पितळी कंदील, पाण्याच्या बाटल्या, घोड्यांची खोगिरे. आणि आत, अंधारात, घड्या घातलेले तंबू, झोपलेल्या हत्तींसारखे. तिथेच तो वास मला पहिल्यांदा भेटला.

दुकानदार पांढऱ्या दाढीचा, गप्पिष्ट. त्याने आधी झालरींचा, चारी बाजूंनी उघडा असा रंगीत तंबू दाखवला. विहीणबाई खूश.

"हवा कशी खेळते पाहा याच्यात."

"पण आपल्याला थंडीसाठी हवा आहे ना?"

"थंडी तं महिन्याभराची पाहुणी. उन्हाळा घरचा हाये. घरच्याचा इचार आधी करा लागते."

"माताजी," दुकानदार हसला, "पहाड पे लू नहीं चलती, कोहरा मिलेगा."

"तुम्ही गेले होते काय पहाडावर?"

"नहीं, तंबू गए हैं."

यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना हसताना तोवर पाहिले नव्हते. दोन वर्षांत नाही.

मग त्याने मागच्या अंगणात एक मोठा तंबू उभा केला. साहेबलोकांचा, दुहेरी कापडाचा, मधोमध माणसाहून उंच खांब. आत दोन खाटा ऐसपैस मावतील आणि मधून चालायला वाट राहील. विहीणबाईंनी हात उंच करून पाहिला. "लुगडं उभ्यानं नेसता येते," एवढे बोलल्या. मी मात्र मनातल्या मनात त्यांची खाट मांडलीही होती : वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात, सगळ्यांत जाड गादी त्यांच्याकडे, आणि आमच्या दोघींत एवढे अंतर की त्यांच्या मानाला कुठेही कोपर लागू नये. ज्या बाईला एकदा गार फरशी मिळाली, तिला आता पडद्यांची खोलीच द्यायची, असा माझा हट्ट होता.

शेवटी आला तो लहान तंबू. खाकी, बुटका. तळाचे कापड भिंतींना शिवलेले, म्हणजे खालून वारा शिरायला फट नाही. आढ्याशी श्वासाची वाफ जायला हाताएवढी झडप. आत जायचे तर रांगत.

"हे तं कोंबड्याचं खुराडं हाये, बाप्पा!"

"माताजी, छोटे तंबू में सांस ही सिगडी है. दो आदमी सो गए कि अंदर अपने आप गरम."

"दोन मानसं झोपतीन," त्या म्हणाल्या. "दोन ईनी नाही झोपत याच्यात."

हे त्या हसत म्हणाल्या, पण माझ्याकडे न पाहता. दुकानदाराने दोघींच्या चेहऱ्यांचा अंदाज घेतला आणि तोडगा काढला : दोन्ही तंबू न्या, एक दिवस मोकळ्या जागेत लावून बघा, नको असेल तो परत करा. बसच्या टपावर मोठा तंबू चढवताना वाहक म्हणाला, "काय जी मावशी, सर्कस घेऊन चालल्या काय?" "हो," विहीणबाई म्हणाल्या, "वाघीण पुण्याहून आणली हाये." सगळी बस माझ्याकडे पाहू लागली. मला राग यायला हवा होता. आला नाही.

रविवारी आम्ही चौघे काटोलच्या रस्त्यावरच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत रात्रीच्या मुक्कामाला गेलो. आभाळ सकाळपासून भरलेले, उजेड राखेसारखा. फळे अजून पूर्ण पिकली नव्हती. हिरव्यावर पिवळ्याची नुसती चाहूल लागलेली. पान चुरगळले तरी बोटे दिवसभर दरवळत. सुधाकरने बागेच्या कडेच्या मोकळ्या काळ्या रानात दोन्ही तंबू ठोकले. मोठ्या तंबूत दोन खाटा टाकल्या, मी स्वतः गाद्या अंथरल्या, उशीजवळ तांब्या-भांडे ठेवले. विहीणबाई दारातून डोकावल्या.

"झ्याक केलं जी," त्या म्हणाल्या. "पण मी विहिरीवरच्या मोटारघरात झोपतो. तिकडं पक्की भिंत हाये."

अनघाने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत ते मधले अंगण दिसले.

स्वयंपाक बाहेर चालला होता. गोवऱ्यांच्या आरात रोडगे (कणकेचे जाड, थरांचे गोळे) भाजत होते, आणि मडक्यात वांग्याची भाजी शिजत होती. विहीणबाई आर उकरून रोडगा उलटत, फुंकर घालत, आणि तव्याविना भाजल्या कणकेचा तो खरपूस वास झाडांतून फिरून पुन्हा आमच्याकडे येई. मी मदतीला बसले. "हात भाजन. पुण्याच्या बोटाईले सवय नाही," त्या म्हणाल्या, पण एक रोडगा माझ्याकडे लोटला, काडीने, बघू काय करते म्हणून.

वारा दिवेलागणीच्या सुमारास फिरला. उत्तरेकडून एक लांब, ओला सुस्कारा आला आणि त्याच्यापाठोपाठ हिवाळ्यातला तो नकोसा, सुईसारखा पाऊस. मुले भाजीचे मडके उचलून मोटारघराकडे पळाली. मी गाद्या भिजू नयेत म्हणून मोठ्या तंबूत धावले.

आत उभी राहिले मात्र, आणि जाणवले की इथे बाहेरच्याहून गार आहे. त्या प्रशस्त जागेत थंडी आरामात येरझारा घालत होती. दोन खाटांमधली माझी ती अदबीची वाट वाऱ्यानेच बळकावली होती. काळी माती भिजली की लोण्यासारखी होते, हे मी ऐकून होते, पाहिले नव्हते. एकेक खुंटी आवाज न करता वर आली. दोर सैलावले. छत एकदा फुगले, उसासून खाली आले, आणि त्या दुहेरी, भिजक्या कापडाने मला गादीसकट पोटाशी धरले.

रांगत, चाचपडत, केसांत चिखल घेऊन मी बाहेर आले. समोर विहीणबाई. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात रोडग्यांचे झाकलेले घमेले, आणि चेहऱ्यावर मावत नसलेला आनंद.

"ईनबाई!" त्या पावसावरून ओरडल्या. "मांडव पडला जी तुमचा!"

मी समोरच्या खुराड्यात शिरले. आत इतके बुटके की गुडघे हनुवटीला लागले. पण वारा बाहेरच राहिला. कापडावर पाऊस बोटांनी टिचक्या मारत होता, आणि थोड्याच वेळात माझाच श्वास माझ्या गालांवर परत येऊ लागला, ऊन.

आता पुण्यात खिडकीपाशी बसून मी हे लिहिते आहे. मैत्रिणी अजून विचारतात, शेवटी कोणता तंबू घेतलात, आणि का? मी त्यांना कापडाचे सांगते, शिवलेल्या तळाचे सांगते, भिजल्या मातीत टिकलेल्या आखूड दोरांचे सांगते. ते सगळे खरे आहे. पण तंबू निवडताना मी एक गोष्ट उलटी धरली होती. मानाला जागा लागते असे समजून मी जागा मोजत राहिले, आणि जितकी जागा मोकळी सोडली तितकी थंडीने बळकावली. काही माणसांना आदराने गादी घातली तर ती अवघडून दूरच बसतात. आपणच चिखलाने माखून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले त्यांना दिसावे लागते.

दाराच्या फटीतून मला विहीणबाईंची पावले दिसत होती. मोटारघर हाकेच्या अंतरावर होते. तिथे दिवा लागला होता, पक्की भिंत होती, त्यांचा मुलगा होता. सुधाकरने तिकडून हाक मारली, "आई, इकडं ये वं लवकर!" पावले तिकडे वळली. थांबली. चिखलात जोडवी रुतली होती, त्यांच्यावरून पाणी वाहत होते. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ते पुन्हा आमंत्रण झाले असते, आणि आमंत्रणाला त्यांच्याकडे उत्तर तयार होते.

मग वहाणा निघाल्या. एक, दुसरी. आधी घमेले आत आले, भाजल्या कणकेचा वास घेऊन. त्याच्यामागून पोत्याची खोळ, ओला काठ, आणि त्यांचा श्वास. आढ्याला डोके टेकवून, वाकून, माझ्या खांद्यावर गार तळवा ठेवून त्या म्हणाल्या,

"सरक."