सत्तेचाळीस संत्रे

माझ्या रंगपेटीत पांढरा रंग नाही, आणि त्याचा मला भारी माज आहे. जलरंगात पांढरं म्हणजे कागद. जिथं उजेड हवा, तिथं कागद कोरा सोडायचा, तोही आधीच ठरवून. एकदा का तिथून गडद रंगाचा ब्रश फिरला की संपलं. मग कपाळ बडवून घ्या नाहीतर कागद फाडा. मी अकोल्याची. आमच्याकडे एप्रिलमध्ये ब्रश पाण्यातून निघून कागदावर टेकेस्तोवर अर्धा वाळलेला असतो. त्या गावात कूलरसमोर बसून, उडणारा कागद कपड्यांच्या चिमट्यांनी दाबून मी हे शिकले. तेव्हा थोडा माज केला तर बिघडलं कुठं?

लग्न होऊन अमरावतीला आले. सासऱ्यांची संत्र्याची बाग वरुडजवळ, ते आणि सासूबाई तिथंच राहतात. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते; बागेतला पोचलेला माणूस. झाडाकडं एकदा खालून वर पाहतात आणि सांगतात, "सहाशे. दहा-वीस इकडं-तिकडं." तोडणी झाली की आकडा खरा निघतो. पण माझ्या चित्रांबद्दल बारा वर्षांत त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. चांगला नाही, वाईटही नाही. आमच्याकडे आले की माझ्या चित्रांसमोरच बसून चहा प्यायचे आणि पंख्याकडं पाहायचे. पंख्याकडं! मला असा राग यायचा की काय सांगू.

म्हणून अमरावतीत माझं पहिलं एकटीचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा मी मनाशी गाठच बांधली. या माणसाकडून एकदा तरी 'चांगलं झालं' म्हणवून घ्यायचंच. त्यांना जगात सगळ्यात प्रिय काय, तर विहिरीजवळचं एक झाड. मग तेच काढायचं, आणि तेही माझ्याकडच्या सगळ्यात मोठ्या कागदावर.

नोव्हेंबरात झाड नुसतं लगडलं होतं. मी चार दिवस बांधावर ठाण मांडलं. डबाभर पाणी, मांडीवर फळी, डोक्याला ओढणी. कामावरची एक बाई येता-जाता थांबायची. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. "बाई, तुमी नुसत्या पाहूनच राहिल्या. हात कवा लावसान?" चौथ्या दिवशी हात लावला. संत्र्यांच्या जागा कोऱ्या सोडत त्यांच्या भोवतीनं हिरवा फिरवला, आणि वाळल्यावर त्या कोऱ्या जागांत केशरी सोडला. काय पेटला म्हणता! मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. विहिरीवर झोपलेलं कुत्रं उठून गेलं.

उद्घाटनाला मामाजी आले. कडक इस्त्रीची टोपी, सोबत दोन बागाईतदार मित्र. सुनेनं आपलं झाड काढलं, हे त्यांनी वाटेत दोघांना सांगितलं असणार, कारण तिघंही सरळ त्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. तिकडं प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि इकडून मामाजींचा आवाज आला. ते काचेवर बोट ठेवून मोजत होते.

"एकवीस... बावीस... तेवीस..."

पाहुणे थांबले. मामाजी थांबले नाहीत. पाहुण्यांनी घसा साफ करून पुन्हा सुरुवात केली, "कला ही माणसाच्या..." आणि मागून, "एकतीस!" सभागृहात खसखस पिकली. माझ्या नवऱ्यानं तोंडाला रुमाल लावला. रडण्यासाठी नव्हे, एवढं सांगते. सत्तेचाळीसला मोजणी संपली आणि मामाजी माझ्याकडं वळले. चेहरा लालबुंद.

"सत्तेचाळीस? त्या झाडाले आठशे होते! काहून वं, बाकीचे कोनं तोडून नेले?"

दोघं मित्र आपापल्या चपलांकडं पाहत होते. त्यातला एक हळूच म्हणाला, "कोळशी आली असंन." कोळशी म्हणजे संत्र्याच्या झाडाला काळं करून टाकणारा रोग. मामाजींच्या झाडाला रोग चिकटवला, तोही दोस्तानं, तोही चारचौघांत! झालं.

"घाल अजून," मामाजी मला म्हणाले. "रंग हाये ना तुह्यापाशी? घाल!"

"आता नाही घालता येत, मामाजी. आधी जागा सोडावी लागते."

"आमी झाडं लावतो तं संत्रे येतात. तुह्यावाले जागा सोडल्यावर येतात?"

आणि जेवायलाही न थांबता ते एसटीत बसून निघून गेले.

मी पार खचले. प्रदर्शन उतरवलं त्या दिवशी दुकानात जाऊन पांढऱ्या रंगाची ट्यूब आणली. हो, मी! फ्रेमची काच काढायची, दाट पांढऱ्यात केशरी कालवायचा आणि हिरव्यावर साडेसातशे ठिपके ठोकायचे. सासरेही खूश, मीही मोकळी. झाकण उघडलं, ब्रश उचलला, आणि माझ्यातली अकोल्याची बाई उसळून उठली. का म्हणून? ट्यूब शेजारच्या पोरीला देऊन टाकली, रंगपेटी पिशवीत कोंबली आणि वरुडची बस पकडली.

मामाजी अंगणात खाटेवर बसले होते. मी त्यांच्यापुढं फळी ठेवली, वर कोरा कागद. "घ्या. तुमीच काढा. आठशेच्या आठशे."

आधी "चल हट" झालं. मग "आन इकडं" झालं. खोड बरं जमलं. मग पानं. काय सांगू, पाटाचं पाणी सोडावं तसा त्यांनी हिरवा सोडला! जीभ दातांत, टोपी मागं, कागदभर हिरवंगार. सासूबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "अवो, नाकाले लागला!" मामाजींनी ऐकलंच नाही. त्यांनी ब्रश धुतला, केशरी रंगात बुडवला, उचलला, आणि तो हवेतच राहिला.

"आता संत्रे कुठी ठेवू?"

त्यांनी धीर करून एक ठेवलं. हिरव्यावर केशरी जाताच तिथं शेणकट डाग पडला. "हा तं सडला!" दुसरं ठेवलं. "हाबी सडला!" सासूबाई पदर तोंडात कोंबून खाटेच्या काठावर बसल्या. माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. मी म्हणाले, "मामाजी, कोळशी आली असंन."

क्षणभर वाटलं, आता घरातून हाकलतात. पण असे हसले, असे हसले की चष्मा पाण्याच्या डब्यात पडला. मग तो पुसता पुसता म्हणाले, "म्हंजे ते सत्तेचाळीस तू आंधीच ठरवले होते? कोनते ठेवाचे ते?"

"हो."

"हं," म्हणाले आणि चहा मागवला. 'चांगलं' त्याही दिवशी नाहीच.

मार्चात तीच चित्रं माझ्या माहेरी, अकोल्याला लावली. ऊन आत्ताच तापायला लागलेलं, हॉलमध्ये एकुलता एक कूलर घरघरत होता. मामाजी कुणी न बोलावता आले आणि कूलर सोडून झाडाच्या चित्राशेजारी खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी खांद्याला झोळी लावलेले एक जाणकार गृहस्थ आले. मान तिरकी करून, दोन पावलं मागं जाऊन ते बायकोला म्हणाले, "छान आहे. पण झाडाला फळं जरा कमीच वाटतात, नाही?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात खुर्ची करकरली.

"कमी?" मामाजी उभे राहिले होते. "तुमाले झाड पाहता येते का, भाऊ? हे सत्तेचाळीस समोरचे हायेत. बाकीचे सातशे त्रेपन पानाच्या मांगं हायेत!"

ते गृहस्थ खरंच चित्राजवळ वाकले आणि पानांमागं पाहू लागले. मामाजी पुन्हा खुर्चीत बसले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पण बारा वर्षांचा तो पंखा मी त्यांना तिथल्या तिथं माफ करून टाकला.