मोटारीच्या पुढे चालणारी

मावशी गेल्याची बातमी रामधनीने शाळेत आणली. रामधनी म्हणजे मावशीच्या मोटारीचा ड्रायव्हर. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकायला तो नेहमी संकोचायचा. त्या दिवशी मात्र थेट माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बहिनजी, चलिए. माई चली गईं." सकाळी तांदूळ निवडता निवडता ती भिंतीला टेकली होती, आणि बरोबरच्या बायकांना वाटलं डोळा लागला असेल... पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या खोल्यांपर्यंत पोचले तोवर जिन्यात माणसं जमली होती आणि जो तो एकच वाक्य बोलत होता: भागूताई भाग्याची, काशीत देह ठेवला, सुटली. मी तेव्हा ऐकून घेतलं. आता लिहायलाच बसले आहे तर सांगून टाकते. माझी मावशी सुटायला मुळीच बसलेली नव्हती. ती अधिक महिन्याची वाट बघत होती. यात्रेकरूंसाठी तांदूळ भरून झाला होता, गाड्याच्या चाकांना वंगण लावून झालं होतं, आणि मरणाला तिने या वर्षी तरी वेळ दिलेली नव्हती.

भागीरथीमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन काशीत आली, विशी उलटायच्या आत विधवा झाली. केस गेले, अंगावर लाल आलवण आलं, आणि नात्यातल्या लोकांनी तिला घाटावरच्या एका अन्नछत्राची वाट दाखवून दिली. तिथे दुपारी पान मांडून रांगेत बसायचं, वाढणारा जे टाकेल ते खायचं आणि उरलेला दिवस माळ ओढायची. मावशी काही महिने त्या रांगेत बसली. मग एक दिवस उठली ती परत गेली नाही. तिथल्याच आणखी चौघी बायका बरोबर घेऊन तिने पंचक्रोशीच्या वाटेवरचं स्वयंपाकघर काढलं. ज्यांनी काशी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, पंचक्रोशी म्हणजे सगळ्या क्षेत्राला घातलेली प्रदक्षिणा. मणिकर्णिकेवर संकल्प सोडायचा, घाटाघाटाने अस्सीपर्यंत जायचं आणि तिथून सडकेने अनवाणी चालत, मुक्काम करत, क्षेत्र उजव्या हाताला ठेवून फिरून यायचं. अधिक महिन्यात ही वाट माणसांनी नुसती फुलून जाते. देशावरून, कोकणातून आलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना मुक्कामाला वरणभात मिळाला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मावशी त्यांच्या बरोबरीने मुक्कामाला जायची, आणि तिची पातेली, परात, हंडे दोन बैलगाड्यांतून जायचे.

हे काही जणांना खुपलं. उपाध्येमंडळींची स्वतःची स्वयंपाकघरं होती आणि यजमान तिकडे न जाता या बोडक्या बाईच्या पंक्तीला बसू लागले होते. त्या मंडळींचे पुढारी विनूभटजी. माणूस तसा वाईट नव्हता, मुंजीत माझ्या भावाला मांडीवर घेऊन बसलेला, पण आपल्या हद्दीत दुसऱ्याची चूल त्यांना सोसवली नाही. त्यांनी गाडीवानांना सांगून टाकलं की भागीरथीबाईच्या भांड्यांना जो बैल जुंपेल त्याला आमच्या यजमानांचं सामान मिळणार नाही. अधिक महिना तोंडावर आला आणि गाडीवानांनी एकजात कानावर हात ठेवले. अन्नछत्राची रांग पुन्हा दिसायला लागली. चौघींतली सगळ्यांत वयस्कर सगुणाबाई, पायाने अधू, ती तर एका दुपारी गाठोडंच बांधून बसली. म्हणाली, "जायचंच आहे तर मला आधी जाऊ दे, कोपऱ्यातली जागा मिळेल." मावशीने तिचं गाठोडं सोडलं, लुगडी परत दांडीवर टाकली आणि माझ्या भावाला निरोप धाडला की मला एक वापरलेली मोटार बघून दे.

बाळूदादा, माझा थोरला भाऊ, कचहरीत कारकून. मोटारीतलं आपल्याला फार कळतं असा त्याचा समज होता. त्याने पहिली मोटार दाखवली ती सिग्रा मोहल्ल्यातल्या एका जमीनदारपुत्राची. काळी चकचकीत, चांदीसारखे दिवे, भोंगा असा की घाटावरची माकडं पळावीत. दादा तिच्याभोवती नवऱ्यामुलासारखा फिरत होता. "मावशी, हवा से बातें करती है, अलाहाबादेस जाऊन दुपारी परत," असं तो सांगत होता. मावशीने विचारलं, "मला अलाहाबादेस कोण जेवायला बोलावतंय?" मग तिने सगुणाबाईला हाताला धरलं आणि जमीनदाराच्या ड्रायव्हरला सांगितलं, आम्ही दोघी पुढे चालतो, तू मागून ये, आम्हाला ओलांडायचं नाही. तो हसला. दादा शरमेने लाल झाला. चैत्रातलं ऊन, सगुणाबाईचा लंगडता पाय, आणि त्यांच्या मागे ती राजेशाही मोटार धक्के खात, गुरगुरत येते आहे... पहिल्या वळणानंतर तिच्या नाकातून वाफ निघाली आणि पुढच्या पिंपळाखाली ती फुरफुरून बंद पडली. मावशीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "पळणारी आहे. चालणारी बघ."

दादा चिडला होता, आणि त्याचं चिडणं बरोबरच होतं, कारण मोटार हळू चालण्यासाठी घेणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. मी तिला विचारलं, भांड्यांबरोबर थकलेल्या यात्रेकरूंनाही बसवायचं म्हणतेस, तर त्यांना भरकन मुक्कामाला पोचवलंस तर काय बिघडलं? तेव्हा तिने मला रत्नागिरीकडच्या एका म्हातारीची गोष्ट सांगितली. ती वाटेत थकली म्हणून घरच्यांनी तिला इक्क्यात, एका घोड्याच्या गाडीत, घालून पुढे भीमचंडीच्या मुक्कामाला पाठवलं. घरचे मागून चालत पोचले तेव्हा ती गेलेली होती. "एकटी, धर्मशाळेच्या ओट्यावर," मावशी म्हणाली. "इक्केवाला सांगत होता, सारखी मागे वळून बघत होती. आपली माणसं दिसेनाशी झाली की माणूस घाबरतं गं. माझ्या गाडीतलं कोणी पुढे जाणार नाही. सगळ्यांच्या बरोबर चालेल अशीच गाडी हवी." त्या दिवसापासून मी दादाची बाजू सोडली.

दुसरी मोटार वरुणा नदीपलीकडच्या एका बंगल्यात होती. म्हातारा नीळवाला साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. मोटारीचा पुढचा भाग लोखंडी आणि मागचा सगळा लाकडी, मोठ्या कपाटासारखा, मागून दार उघडणारा. आत समोरासमोर बाकं. मागे एक जाडजूड आकडा, त्याला साहेब शिकारीची होडी अडकवून ओढत न्यायचा. चपराशाने आम्हाला बंगल्याच्या मागच्या दाराने यायला सांगितलं. मावशी म्हणाली, "मोटार सामने खड़ी है भैया, मैं पीछे से जाके क्या देखूँ?" आणि सरळ फुलांच्या ताटव्यामधून चालत गेली. साहेब व्हरांड्यात आला. लाल आलवणातली अनवाणी बाई आपल्या मोटारीच्या चाकाशी वाकलेली पाहून तो जरा गांगरला, मग मोटार किती वेगाने पळते ते सांगू लागला. मावशीने त्याला पुरं बोलू दिलं आणि विचारलं, "साहब, सबसे धीरे कितना चलती है?" साहेब दादाकडे बघू लागला. दादा जमिनीकडे.

त्या दिवशी आम्ही भांडी बरोबर नेली होती. लोहाराकडून करून घेतलेला दोन चाकांचा गाडा हमालांनी ढकलत आणला होता. तो आकड्याला अडकवला, हंडे पाण्याने भरले, चौघींपैकी तिघी बाकांवर बसल्या आणि सगुणाबाई मावशीबरोबर पुढे पायी. वरुणेच्या पुलापर्यंत आणि पुलाच्या चढावरून परत. रामधनी तेव्हा साहेबाचाच ड्रायव्हर होता, त्याने गिअर पहिल्यावर ठेवला आणि ते लाकडी धूड दोघी म्हाताऱ्यांच्या पावलाला पाऊल लावून चालत राहिलं. ना गुरगुर, ना वाफ. सगुणाबाई दम खायला थांबली की मोटारही थांबायची, सगुणाबाई निघाली की निघायची. साहेब काठी टेकत शेजारून चालत होता. परत आल्यावर त्याने इतकंच म्हटलं की इतकी वर्षं वापरून मला हे माहीत नव्हतं. मावशीने ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या पाटल्या विकल्या. आई रडली, तर तिला म्हणाली, "अक्का, मला घालायची बंदी आहे. विकायची नाही."

मोटार घरी येण्याआधीच बोंब झाली होती. साहेबाची मोटार, तिच्यात कुत्री बसली, मेलेली बदकं पडली, आणि त्यात आता यात्रेकरूंचं अन्न जाणार. विनूभटजी चार माणसं घेऊन दशाश्वमेधाच्या नाक्यावर आले. मोटार तिथपर्यंतच येऊ शकत होती. मावशी बादलीने गंगेचं पाणी आणून बाकं घासत होती. ती उठलीही नाही. "भटजी, या गंगेतून रोज काय काय वाहून जातं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. तिला कधी विटाळ म्हणालात?" भटजींनी दुसरा मुद्दा काढला, आणि तो खरा होता. पंचक्रोशी पायांची. गाडीत बसणाऱ्याला पुण्य नाही. हे ऐकून मावशी थांबली, हातातला काथ्या बादलीत टाकला. गाडीत बसणार होती ती म्हातारी माणसं याच गोष्टीला भ्यायची हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर पैसा जोडून इथवर यायचं आणि पाय चालेनात म्हणून पदरात काही नाही...

त्या अधिक महिन्यात तिने त्याचं उत्तर दिलं. मणिकर्णिकेवर ओंजळीत पाणी घेऊन तिने सगळ्यांसमोर संकल्प सोडला की माझ्या चालण्याचं जे काही मिळेल ते माझ्या गाडीत बसलेल्यांचं. अस्सीपासून ती मोटारीच्या पुढे अनवाणी चालू लागली. अंगात ताप असतानाही चालली. त्या गाडीत ती एकदाही बसली नाही. मागच्या खेपेस मी हट्टाने तिला दारापर्यंत ओढलं, तर म्हणाली, "मी बसले तर आत बसलेल्यांच्या वाटचं कोण चालेल?" पुण्य देता येतं हे तर भटजींच्याच पोथीतलं.

तिचं तेरावं झालं आणि विनूभटजी घरी आले. आता फार थकलेत. त्यांनी मायेनेच सांगितलं की मोटार विकून टाका, भांडी आम्ही घेऊ, बायकांची सोय अन्नछत्रात करतो. सगुणाबाईला आता धड दिसत नाही. ती आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "येऊ की अन्नछत्रात. वाढायला येऊ." मी शाळेतून रजा घेतली, रेशनच्या पेट्रोलची चिठ्ठी मिळवायला कचेरीत खेटे घातले, तांदूळ गाड्यात चढवला. सगळं झालं असं मला वाटत होतं. निघण्याच्या आदल्या दुपारी रामधनीने काच पुसता पुसता विचारलं, "बहिनजी, आगे कौन चलेगा?"

मणिकर्णिकेवर भटजींच्या मुलाने मला संकल्प सांगायला नकार दिला. भटजी स्वतः पायरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "कुसुम, तू तर शिकलेली. हे पुण्यबिण्य तू मानतेस तरी का?" मी म्हणाले, नाही मानत. गाडीत बसणाऱ्या मानतात, आणि त्यांच्याकडून ते काढून घेण्याचा हक्क तुम्हालाही नाही नि मलाही नाही. मग मी ओंजळीत पाणी घेतलं आणि मावशीचा संकल्प साध्या मराठीत, मोठ्याने सांगून सोडला. भटजी उठून गेले नाहीत. अस्सीला चपला सगुणाबाईच्या मांडीवर ठेवल्या आणि चालायला लागले. राग इतका होता की खडे टोचत असलेले कळत नव्हते. भटजींचा राग, सुटली सुटली म्हणणाऱ्यांचा राग, न सांगता भिंतीला टेकलेल्या तिचाही राग. मी तरातरा निघाले होते. कंदव्याच्या मुक्कामाअलीकडे मागून गाडीतल्या कुणा वऱ्हाडच्या आजीबाईंचा आवाज आला, "बाई, हळू चाल ना वं. आमची माणसं मांगं राह्यली." मी थांबले. सडकेवर त्यांचे लोक एकमेकांना धरून येत होते. ते गाडीपाशी पोचेपर्यंत रामधनीने गाडी उभी ठेवली. मग मी चालू लागले, त्यांच्या पावलाने.